गरोदरपणातलं इन्फेक्शन आणि दिवस भरण्याआधी झालेलं बाळंतपण

केतकीपान

माझं पहिलं बाळंतपण तिसाव्या आठवड्यात झालं. तोवर सगळं सुरळीत होतं. सोनोग्राफी चांगली, बीपी-शुगर ठीक. मग एका पहाटे पाणी गेलं, दुपारी कळा सुरू झाल्या आणि दुसऱ्या दिवशी लेक झाली. ती आता ठणठणीत आहे, त्यामुळे काळजी तिची नाही.

वार तपासायला पाठवली होती. रिपोर्टात 'कोरिओअ‍ॅम्निओनायटिस' असं आलं. डॉक्टरांनी सांगितलं की बाळाभोवतीच्या पडद्यांना सूज होती, म्हणजे आत इन्फेक्शन होतं आणि बहुधा त्यामुळेच पडदा फुटला. पण मला ताप नव्हता. खाज, जळजळ, वास, काहीच नव्हतं. मग जंतू आत गेले कुठून? घरातलं एक माणूस तेव्हा बोलून गेलं, "स्वच्छता नीट ठेवली नसशील." ते अजून मनातून जात नाही.

आता दुसऱ्या बाळाचा विचार चालू आहे. इन्फेक्शनमुळे बाळंतपण लवकर होतं म्हणजे नेमकं काय होतं? ते आधी कळतं का? आणि सुरुवातीपासून अँटिबायोटिक घेतलं तर पुढच्या वेळी टळेल का? अनुभव असलेल्यांनी आणि जाणकारांनी कृपया लिहा.

साळुंकी

जाणकार सांगतीलच, पण ते स्वच्छतेचं वाक्य वाचून तळपायाची आग मस्तकात गेली. माझा मुलगाही एकतिसाव्या आठवड्यातला. मलाही हेच ऐकवलं होतं, फक्त शब्द वेगळे होते: "फार दगदग केलीस." बाई बाळंत झाली की तिची चूक शोधायला सगळे मोकळे असतात.

पारवा

वाचतोय. बायकोला चौथा महिना चालू आहे.

दवबिंदू

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, जरा सविस्तर लिहिते.

३७ आठवडे पूर्ण होण्याआधीचं बाळंतपण म्हणजे मुदतपूर्व. जगात साधारण दहातलं एक बाळ असं जन्मतं. २०२० साली अशी सुमारे १ कोटी ३४ लाख बाळं जन्मली. यातल्या २५ ते ४० टक्के बाळंतपणांत गर्भाशयातल्या इन्फेक्शनचा हात असावा, असा अंदाज आहे. आठवडे जितके कमी, तितका हा संशय दाट. पस्तिसाव्या आठवड्यात इन्फेक्शन क्वचित सापडतं, पंचविसाव्यात बरेचदा.

आता केतकीपान, जंतू आले कुठून. बहुतेक वेळा ते खालून वर चढतात: योनीमार्गातून गर्भाशयमुखात, तिथून पडद्यांपर्यंत आणि मग गर्भजलात. युरियाप्लाझ्मा, मायकोप्लाझ्मा, गार्डनरेला ही नेहमी सापडणारी मंडळी. यातले बरेच जंतू ठणठणीत बायकांच्या अंगातही राहत असतात. ते अस्वच्छतेतून येत नाहीत आणि साबणाने जातही नाहीत. उलट आतून पाणी मारून धुण्याची सवय असेल तर तिथले चांगले लॅक्टोबॅसिलस कमी होतात आणि बाकीच्यांचं फावतं. त्यामुळे ते वाक्य नुसतं दुखावणारं नाही, वैद्यकीयदृष्ट्या चुकीचंही आहे.

आणखी एक, जंतू स्वतः कळा आणत नाहीत. पडद्यांपाशी जंतू दिसले की शरीराची संरक्षणव्यवस्था जागी होते आणि सायटोकाइन नावाची रसायनं सुटतात. त्यांच्यामुळे प्रोस्टाग्लँडिन वाढतात. दिवस भरल्यावरच्या बाळंतपणातही पिशवी आकुंचन पावायला लावणारी हीच प्रोस्टाग्लँडिन असतात. सोबत पांढऱ्या पेशी जी विकरं (एन्झाइम) सोडतात त्यांनी पडद्याला बळकटी देणारं कोलॅजन कमजोर होतं आणि गर्भाशयाचं तोंड मऊ पडतं. म्हणून कुणाला आधी पाणी जातं, कुणाला आधी कळा येतात. हा सगळा दाह अनेकदा पिशवीच्या आतल्या आतच राहतो. आईच्या रक्तात फारसं काही पोचत नाही, म्हणून ताप नाही, लक्षण नाही. तुम्हाला कळलं नाही कारण कळण्यासारखं काही नव्हतंच.

केतकीपान

दवबिंदू, शेवटचं वाक्य तीनदा वाचलं. खूप आभार.

मोरपंखी

+१. हा प्रतिसाद स्वतंत्र धागा म्हणून टाकावा अशी विनंती.

वॉर्डातलीताई

मी नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात सिस्टर आहे. आमच्याकडे आई व्हीलचेअरवरून पहिल्यांदा पेटीपाशी येते. काचेतून हात आत घालायचीही भीती वाटते तिला. मी हात धरून बाळाच्या डोक्यावर आणि पायांवर ठेवायला लावते. त्या वेळी दर दुसरी आई एकच विचारते, "माझ्यामुळे झालं का हो?"

आईला इन्फेक्शनचा संशय असेल तर बाळाचं रक्त कल्चरला (जंतू वाढतात का ते बघायला) जातं आणि रिपोर्टची वाट न बघता अँटिबायोटिक सुरू होतं. कल्चरमध्ये काही निघालं नाही आणि बाळ बरं दिसलं तर दोनेक दिवसांत थांबवतात. आयांनो, हे औषध लावलं म्हणजे बाळ गंभीर आहे असं दरवेळी नसतं, घाबरून जाऊ नका. आणि दूध काढायला लागा. सुरुवातीचे चार थेंबसुद्धा आम्ही सिरिंजमध्ये जपून ठेवतो. या बाळांच्या आतड्यांना होणारा एक भयंकर आजार आईच्या दुधाने कमी होतो.

पाऊलवाट

मग सरळ प्रश्न आहे. इन्फेक्शन हे कारण असेल तर सगळ्याच गरोदर बायकांना आधीपासून अँटिबायोटिक का देत नाहीत? एवढ्या बाळांचा प्रश्न सुटेल की.

दवबिंदू

पाऊलवाट, हा विचार डॉक्टरांच्याही मनात आला होता आणि अनेक वर्षं त्यावर काम झालं. उत्तर मात्र अपेक्षेपेक्षा वेगळं आलं.

२००१ साली ओरॅकल नावाच्या मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष आले. एका चाचणीत पाणी आधीच गेलेल्या बायका होत्या. त्यांच्यात एरिथ्रोमायसिनचा फायदा दिसला, तर दुसऱ्या एका अँटिबायोटिकने, को-अ‍ॅमॉक्सिक्लॅवने, बाळांमध्ये आतड्यांचा तो आजार वाढला ज्याबद्दल ताईंनी वर लिहिलंय. दुसऱ्या चाचणीत सहा हजारांहून जास्त बायका होत्या. त्यांना वेळेआधी कळा सुरू झाल्या होत्या, पण पडदा शाबूत होता. तिथे अँटिबायोटिकने काहीच साधलं नाही. ती मुलं सात वर्षांची झाल्यावर पुन्हा पाहिलं, तर औषध मिळालेल्या गटांत सेरेब्रल पाल्सीचं (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर परिणाम होण्याचं) प्रमाण थोडं जास्त निघालं. म्हणून पाणी गेलेलं असेल तर अँटिबायोटिक देतात आणि नुसत्या कळा असतील, इन्फेक्शनची खूण नसेल, तर त्या कळांसाठी देत नाहीत. (स्ट्रेप्टोकॉकस नावाच्या जंतूपासून बाळाला वाचवायला बाळंतपणाच्या वेळी पेनिसिलिन देतात, तो वेगळा मुद्दा.)

याहून चटका लावणारी एक चाचणी त्याच वर्षीची. ट्रायकोमोनास हा जंतू सापडलेल्या, पण काही त्रास नसलेल्या गरोदर बायकांना मेट्रोनिडॅझॉल हे औषध दिलं. औषध घेतलेल्यांपैकी १९ टक्के मुदतपूर्व बाळंत झाल्या, नुसती साखरेची गोळी घेतलेल्यांपैकी सुमारे ११ टक्के. चाचणी मध्येच थांबवावी लागली.

मुक्तछंद

माफ करा, पण हे पटत नाही. माझ्या बहिणीचं पहिलं बाळ सातव्या महिन्यात गेलं. दुसऱ्या वेळी तपासणीत बॅक्टेरियल व्हजायनोसिस निघाला, औषध दिलं, आणि ती पूर्ण नऊ महिने गेली. तुमच्या चाचण्या काहीही म्हणोत, आम्ही डोळ्यांनी पाहिलंय.

निशिगंधा

मुक्तछंद, बहिणीचं बाळ गेल्याचं वाचून वाईट वाटलं. पण पहिलं बाळंतपण लवकर झालेल्या कितीतरी बायका दुसऱ्या वेळी काहीही न करता दिवस भरेपर्यंत जातात. माझ्या दोन्ही जावा तशाच. मग औषधाने झालं हे कशावरून?

मुक्तछंद

आणि औषधाने झालं नाही हे तरी कशावरून?

दवबिंदू

दोघांचेही प्रश्न रास्त आहेत. एकीच्या बाबतीत हे सांगताच येत नाही, म्हणून तर हजारो बायकांवर बघावं लागतं.

बॅक्टेरियल व्हजायनोसिसमध्ये योनीमार्गातली आम्लता कमी होते, पीएच ४.५ च्या वर जातो आणि लॅक्टोबॅसिलसची जागा दुसरे जंतू घेतात. काहींना माशासारखा वास येतो, निम्म्या जणींना काहीच कळत नाही. याने मुदतपूर्व बाळंतपणाचा धोका वाढतो हे खरं. पण धोका कमी असलेल्या बायकांत सरसकट शोधून क्लिंडामायसिन हे अँटिबायोटिक देऊन पाहिलं, तेव्हा फरक पडला नाही. २०१८ साली आलेल्या त्या अभ्यासात ८० हजारांहून जास्त बायकांची तपासणी झाली होती. तुमच्या बहिणीसारखं आधीचं बाळंतपण लवकर झालेलं असेल तर डॉक्टर वेगळा विचार करू शकतात. आणि वास किंवा त्रास असेल तर उपचार करायचेच, आईला बरं वाटावं म्हणून तरी. बहिणीला औषध दिलं यात काही गैर झालं नाही.

मुक्तछंद

ठीक आहे. शेवटच्या ओळीसाठी आभार.

दातओठ

दंतवैद्य या नात्याने थोडं अवांतर. १९९६ पासून हिरड्यांचा आजार आणि मुदतपूर्व बाळंतपण यांचा संबंध चर्चेत आहे. तोंडातला फ्युसोबॅक्टेरियम हा जंतू गर्भजलातही सापडलेला आहे, म्हणजे रक्तातून तिथवर पोचण्याचीही वाट असावी. पण २००६ साली ८२३ गरोदर बायकांवरच्या चाचणीत हिरड्यांचे उपचार करूनही मुदतपूर्व बाळंतपणं कमी झाली नाहीत. तरी मी गरोदर बायकांना सांगतो की हिरड्यांतून रक्त येत असेल तर या. त्याच चाचणीत हे उपचार गरोदरपणात सुरक्षित असल्याचंही दिसलं. "आता नको, बाळ झाल्यावर बघू" म्हणत सुजलेल्या हिरड्यांनी दिवस काढायची गरज नाही.

चिमणराव_नाही

आमचे चिरंजीव तेहतिसाव्या आठवड्यात आले. आयुष्यात वेळेआधी पोचण्याचा तो त्यांचा पहिला आणि शेवटचा प्रसंग. आता कॉलेजला आहेत, रोज पहिला तास चुकतो. ज्यांची बाळं अजून पेटीत आहेत त्यांना मुद्दाम सांगतोय.

साळुंकी

:D हे वाचून आमच्याकडे सगळे हसले.

आभाळमाया

लघवीच्या इन्फेक्शनबद्दल अजून कोणी लिहिलं नाही, म्हणून माझा अनुभव लिहिते. पहिल्या तपासणीत कल्चर सांगितलं होतं. जळजळ नव्हती तरी मी ते टाळलं नाही, पण साध्या लघवी तपासणीपेक्षा हे वेगळं का, हेही तेव्हा ठाऊक नव्हतं. नर्सने समजावलं: आधी पाण्याने धुवायचं, पहिली धार सोडून द्यायची, मधली निर्जंतुक बाटलीत धरायची, बाटलीच्या कडेला बोट लावायचं नाही आणि लगेच लॅबला द्यायची. दोन दिवसांनी रिपोर्ट आला: ई कोलाय हे जंतू, एक मिलिलिटर लघवीत एक लाखाच्या वर. त्रास शून्य! सात दिवसांचा कोर्स झाला, नंतर पुन्हा कल्चर, आणि मग दर काही आठवड्यांनी एकदा.

माझ्या मैत्रिणीचं हेच लक्षात आलं नव्हतं. तिला सहाव्या महिन्यात हुडहुडी भरून ताप आला, कंबरेच्या वर एका बाजूला असह्य दुखायला लागलं. इन्फेक्शन मूत्रपिंडापर्यंत गेलं होतं. दवाखान्यात ठेवून शिरेतून औषध द्यावं लागलं, कळाही सुरू झाल्या होत्या. नशिबाने थांबल्या.

दवबिंदू

आभाळमाया, फार महत्त्वाचं लिहिलंत. अँटिबायोटिकचा खरा उपयोग कुठे होतो याचं हे ठळक उदाहरण. २ ते १० टक्के गरोदर बायकांच्या लघवीत लक्षणांशिवाय जंतू असतात. उपचार न केल्यास त्यातल्या बऱ्याच जणींना मूत्रपिंडाचं इन्फेक्शन होतं. वाढती पिशवी मूत्रवाहिन्यांवर दाब देते, प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाने त्या सैलावतात, लघवी तुंबते आणि जंतू वर सरकतात. जुन्या गोळ्या घरात आहेत म्हणून घेऊ नका. कोणतं औषध कितव्या महिन्यात चालतं हे ठरलेलं असतं. उदाहरणार्थ नायट्रोफ्युरँटॉइन दिवस भरत आले की टाळतात.

कातळ

लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं. आमचं बाळ सत्ताविसाव्या आठवड्यात झालं आणि चौथ्या दिवशी गेलं. बायकोचं पाणी आठवड्याभरापूर्वी गेलं होतं, दवाखान्यातच होती. कळा थांबवायचं औषध चालू होतं. मग एका संध्याकाळी तिला ताप भरला. मशीनच्या कागदावर बाळाचे ठोके १८० च्या वर जात होते, रेघ खाली येतच नव्हती. डॉक्टरांनी पोटाला हात लावला तर ती कळवळली. त्यांनी कळा थांबवायचं औषध बंद केलं आणि बाळंतपण होऊ द्यायचं ठरवलं. मी त्यांच्याशी भांडलो. अजून चार दिवस मिळाले असते तर, हा विचार आजही छळतो. ते औषध का बंद केलं, हे मला कोणी नीट सांगितलंच नाही.

साळुंकी

कातळ, काय बोलू. तुम्ही लिहिलंत हे बरं केलंत.

दवबिंदू

कातळ, तुमच्या बाळाबद्दल मनापासून वाईट वाटतं. मी तुमची केस पाहिलेली नाही, पण जे लिहिलंय त्यावरून सांगते. ताप, बाळाचे वाढलेले ठोके आणि पोट दाबल्यावर दुखणं या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या म्हणजे इन्फेक्शन आता उघड झालं होतं. अशा वेळी पिशवी ही बाळासाठी सुरक्षित जागा राहत नाही. बाळ तेच गर्भजल गिळत असतं, फुफ्फुसांत घेत असतं. दाहाचा परिणाम त्याच्या मेंदूवरही होऊ शकतो. आणि आईच्या रक्तात जंतू पसरले तर तिच्या जिवावर बेततं. म्हणून कळा थांबवत नाहीत, अँटिबायोटिक शिरेतून सुरू करतात आणि बाळंतपण होऊ देतात. पुढचे चार दिवस त्याला आत मिळाले असते तर ते बरे दिवस नसते. हे तुम्हाला तेव्हाच कोणीतरी बसून सांगायला हवं होतं.

कातळ

बायकोलाही वाचून दाखवलं. धन्यवाद.

रानजाई

सगळं इन्फेक्शनच्या खात्यावर टाकू नका एवढंच म्हणते. मला जुळी होती, चौतिसाव्या आठवड्यात झाली. माझ्या नणंदेचं बीपी वाढलं म्हणून डॉक्टरांनीच लवकर सिझर केलं. गर्भजल जास्त असणं, पिशवीचं तोंड कमजोर असणं, तंबाखू, दोन बाळंतपणांत फार कमी अंतर, कितीतरी कारणं आहेत. आणि बऱ्याच जणींना कारण सापडतच नाही.

दवबिंदू

पूर्ण सहमत. शिवाय कारणं एकमेकांत गुंतलेली असतात. तोंड आधी उघडायला लागलं की जंतूंना वर जायला सोपं होतं, आणि जंतू वर गेले की तोंड आणखी उघडतं. आधी काय झालं हे नंतर सांगणं अवघड.

पारवा

आणि सर्दी-तापाचं काय? बायकोला गेल्या आठवड्यात ताप येऊन गेला, तेव्हापासून जिवात जीव नाही.

दवबिंदू

साध्या सर्दीने बाळंतपण लवकर होत नाही, निश्चिंत राहा. पण गरोदरपणातला ताप अंगावर काढू नये. इन्फ्लुएंझा आणि कोविडचा गंभीर आजार झाला तर मुदतपूर्व बाळंतपणाचा धोका वाढतो, म्हणून डॉक्टर सुचवतील त्या लसी घ्याव्या. मलेरियाचे परजीवी वारेत साठतात. लिस्टेरिया हा जंतू न तापवलेल्या दुधातून येतो. आईला जेमतेम फ्लूसारखं वाटतं, पण बाळाला तो गंभीर ठरू शकतो. मलेरिया आणि लिस्टेरिया खालून नाही, रक्तातून वारेपर्यंत जातात. सिफिलिसची तपासणी पहिल्याच भेटीत करतात तीही याचसाठी. पेनिसिलिनने आई आणि बाळ दोघांचा उपचार होतो.

पाऊलवाट

कळा थांबत नसतील तर मग डॉक्टरांच्या हातात उरतं काय?

वॉर्डातलीताई

बरंच काही! आईला दिलेलं स्टेरॉइडचं इंजेक्शन. ते मिळालेलं बाळ आणि न मिळालेलं बाळ, फरक आम्हाला श्वास बघूनच कळतो. न्यूझीलंडमधल्या लिगिन्स नावाच्या डॉक्टरांना मेंढ्यांवर प्रयोग करताना दिसलं की स्टेरॉइड मिळालेली कोकरं फार लवकर जन्मूनही श्वास घेताहेत. मग त्यांनी आणि हॉवी यांनी आयांवर चाचणी केली, तिचे निष्कर्ष १९७२ साली आले. तरी ते सगळीकडे रुळायला कितीतरी वर्षं गेली, याचा मला फार राग येतो. फार लवकर होणार असेल तर बाळाच्या मेंदूसाठी मॅग्नेशियम सल्फेटही देतात. म्हणून वेळेत पोचणं इतकं महत्त्वाचं. इंजेक्शनला काम करायला तास मिळाले पाहिजेत.

केतकीपान

सगळ्यांचे प्रतिसाद नवऱ्यासोबत बसून वाचले. म्हणजे आधीपासून अँटिबायोटिक हे उत्तर नाही, हे समजलं. मग पुढच्या वेळी मी करू काय? आणि पाणी जातंय की नुसती लघवी किंवा पांढरं, हे घरी कसं ओळखायचं? मागच्या वेळी त्यातच माझा वेळ गेला होता.

दवबिंदू

दिवस राहण्याआधीच एकदा डॉक्टरांना भेटा आणि वारेचा तो रिपोर्ट बरोबर न्या. लोक तो घरी फाइलमध्ये ठेवतात आणि डॉक्टरला फक्त 'लवकर झालं होतं' एवढंच सांगतात. दोन गरोदरपणांत पुरेसं अंतर असू द्या. राहिल्यावर पहिल्या भेटीत लघवीचं कल्चर करून घ्या. साधारण सोळाव्या ते चोविसाव्या आठवड्यांत आतून सोनोग्राफी करून गर्भाशयमुखाची लांबी मोजून घ्या. ती २५ मिलिमीटरपेक्षा कमी भरली तर योनीमार्गात ठेवायचं प्रोजेस्टेरॉन किंवा गर्भाशयाच्या तोंडाला टाका, असे उपाय असतात. एकदा लवकर झालं म्हणजे धोका जास्त असतो, पण बहुतेक जणी दुसऱ्या वेळी पुढे जातात.

पाण्याचं ताई जास्त चांगलं सांगतील, दिवसभर त्याच बघतात.

वॉर्डातलीताई

स्वच्छ पांढरं पॅड लावा, अर्धा तास आडवं पडा, मग उठून उभ्या राहा. उठताच भळकन किंवा थेंब थेंब येत राहिलं, थांबवू म्हटलं तरी थांबेना, लघवीचा वास नाही, तर पाणी समजूनच निघायचं. हिरवट, रक्ताळलेलं किंवा वास येणारं असेल तर अर्धा तासही थांबायचं नाही. पॅड फेकू नका, पिशवीत घालून सोबत आणा, आम्ही बघतो. दवाखान्यात आत साधन घालून तपासतात, बोटाने वारंवार तपासणं टाळतात कारण त्यानेही जंतू वर जाऊ शकतात. आणि पाणी नव्हतंच असं निघालं तर आम्हाला आनंदच होतो, कोणी हसत नाही. रात्री दोनला या, पहाटे चारला या.

पारवा

हा प्रतिसाद बायकोला पाठवला, छापून कपाटाच्या दारावरही लावतोय. लघवीच्या कल्चरचं उद्याच विचारतो.